बारावी फुलदाणी

धंतोली, नागपूर
४ जानेवारी १९७४

चि. देवकीस,
अ. उ. आ.
वीस तारखेला महिला मंडळात माझ्या फुलदाण्यांचं प्रदर्शन आहे. तुझ्या चारुशीलाने भांड्यांच्या कारखान्यात हाताने घडवलेल्या अकरा मी दहा वर्षं जुन्या बाजारात हिंडून जमवल्या. बारावी तुझ्याकडे आहे, आणि तू तीत पळ्या खोचतेस. मावशीने भाचीचं नाव राखायचं आणि आईने पळ्या ठेवायच्या, हे बरं दिसत नाही. धुऊन पाठव. रडत बसू नकोस; पोरीला जाऊन तेरा वर्षं झाली. गुडघा कसा आहे?
लोभ आहेच, लिहून वाढत नाही.
शोभाताई

कळमेश्वर
१० जानेवारी

ती. शोभाताईस,
शि. सा. न. वि. वि.
फुलदाणी पाठवली आहे. पळ्या खोचते ती रोज हाताशी राहावी म्हणून. एकच ऐक. तळाशी चारूचा अंगठा आहे. माती ओली असताना ती मुद्दाम दाबायची. सकाळी चहा टाकण्याआधी मी त्यात माझा अंगठा टेकवते. तू हसशील, हस. पण तेवढी जागा जप आणि प्रदर्शन झालं की परत दे. गुडघा ठीक.
माझ्यावरची माया कमी करू नकोस.
देवकी

नागपूर
२२ जानेवारी

चि. देवकीस,
अ. उ. आ.
प्रदर्शन उत्तम झालं. तुझी फुलदाणी मात्र कपाटात डुगडुगत होती. अंगठ्याभोवती मातीची कड वर आली होती, म्हणून हिंगण्याच्या रुपरावकडून तळ घासून सपाट करून घेतला. फरशा घासणारा माणूस, तोही मला शिकवायला लागला. पोरीचा अंगठा दिसून राहिला बाई, काहून घासता, म्हणे. तुझं पत्र मी वाचलं होतं. पण बाराही सारख्या उभ्या राहायला हव्यात. बाकी अकरांचे तळ कसे स्वच्छ आहेत. एवढ्याशा खुणेसाठी गळा काढू नकोस. सगळा संच चारूच्या नावाने कॉलेजला देते आहे. संगमरवरी पाटी कोरायला टाकली. तेव्हा फुलदाणी परत मागू नकोस.
राग धरू नये, लोभ धरावा.
शोभाताई

कळमेश्वर
२६ जानेवारी

ती. शोभाताईस,
शि. सा. न. वि. वि.
तुझ्या अकरांचे तळ स्वच्छ आहेत, हे तू एकेक आणून दाखवलीस तेव्हाच मी पाहिलं होतं. चारू आपल्या हातचं एकही भांडं अंगठा दाबल्याशिवाय भट्टीत जाऊ देत नसे. तिच्यासारखी नक्षी काढणाऱ्या कारखान्यात आणखी चौघी होत्या. तू इतक्या हौसेने जमवत होतीस, म्हणून दहा वर्षं बोलले नाही.
तिची एकच होती. आता तीही त्या अकरांसारखी झाली.
पाटीवर कुणाचं नाव कोरायचं ते तू ठरव. पळ्या मी डालड्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. गुडघा ठीक.
लोभाचं या वेळी लिहीत नाही.
देवकी