तुह्या चॅनलसाठी मोर्चा

धर्मेंद्रा,

तुह्या चॅनलनं गावच्या बातम्या बंद केल्या, हे मायनं सांगितलं. ऑस्ट्रेलियातलं ते लहानसं गाव, जाहिराती मिळत नाहीत म्हणून कंपनीनं कॅमेरे उचलले. त्यासाठी गाववाले पाट्या घेऊन रस्त्यावर उतरले, तो व्हिडिओ माय आपल्या साऱ्या राजापेठ मोहल्ल्याले दाखवून राहिली.

खरं सांगू? मले तुही कीव नाही आली. मी जळली.

तू तिथं कॅमेरा धरे. मी इथं अमरावतीत केबलवर रोज बातम्या वाचे. कोणाच्या नळाले पाणी नाही, कोणाचं लग्न, कोण वारलं, सारं मी सांगितलं. माय मात्र मोबाईलवर तुहं चॅनल लावे. इंग्रजीचं अक्षर समजत नाही, तरी 'माह्या पोराचा कॅमेरा हाय' म्हणून तिथली मेंढरंसुद्धा पाहे.

आमचं चॅनल मागच्या महिन्यातच बंद पडलं. मोर्चा तर सोड, केबलवाल्याले कोणाचा फोनही नाही आला. लोकाइपाशी शेकडो चॅनल, त्यात आमचं गेलेलं कोणाले दिसते?

हे पत्र मी धाडत नाही. धाडलं तर तू मायले फोन करशीन, अन् ती तुह्याचसाठी रडन. तुहं बंद झालं त्या दिवशी ती जेवली नाही.

माहं बंद झालं तेव्हा शेवटचा नमस्कार करून मी घरी आली, तिच्याजवळ बसली. आमच्या डोळ्यांपुढं टीव्हीवर माह्या चॅनलचा पडदा काळा झाला. तिनं रिमोट माह्या हाती देला अन् म्हणे, "पाह्य वं, दुसरं काही लागते का."

मी लावून देलं.

तुही बहीण,
भावना