पेटीतल्या गोळ्या

अहो,

तुमच्या हत्यारांच्या पेटीत कालच्या गोळ्या तशाच सापडल्या. जळजळ थांबली म्हणजे अल्सर बरा झाला असं नव्हे हो. जंतू मारायला चौदा दिवस पुरे करायचे आहेत, अजून पाच उरलेत. डॉक्टरांना विचारलं, आज लगेच सुरू करा म्हणाले. गुडघेदुखीच्या गोळ्या मात्र मी काढून घेतल्या. पोटातली जखम त्यांनीच चिघळवली.

मी वन्संकडे जाते आहे. रागावलेली नाही, फक्त एक नवं व्रत धरलंय: गोळ्या घेतल्याचा तुमचा फोन येईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. उपाशी पोटी माझं पित्त कसं खवळतं, ते तुम्ही जाणताच. देवाला सांगून निघालेय, हे मला फार वेळ उपाशी ठेवायचे नाहीत.