वगळलेल्या सहा डिशेस

३ सप्टेंबर

धाकटी आज पुन्हा रडली. म्हणजे रडली नाही — सिंकपाशी जाऊन पाच मिनिटं हात धूत राहिली. लॅबमध्ये सगळ्यात शेवटी आली म्हणून ती धाकटी, आणि मी सगळ्यांचा दादा. आठ महिने ती माझाच जुना प्रयोग करून बघतेय. जमत नाहीये.

“दादा, माझ्या हातालाच यश नाही.”

मी म्हटलं, “पेशी वाढवायचा मीडिया बदलून बघ.”

मीडिया बदलून बघ! शरम नाही वाटली मला.

४ सप्टेंबर

निदान या वहीत तरी खरं लिहावं.

पेशीच्या कडेवर रिसेप्टर असतात. हार्मोन बाहेरून येऊन त्यांना चिकटतं, आत निरोप जातो. थोड्या वेळाने पेशी रिसेप्टरला हार्मोनसकट आत ओढून घेते. मायक्रोस्कोपखाली फार सुंदर दिसतं — रंग लावलेल्या रिसेप्टरांची कडेची हिरवी रेघ विरळ होते, आत ठिपकेच ठिपके. माझ्या पेपरात मी ठासून लिहिलंय: आत गेला की रिसेप्टर गप्प. निरोप बंद.

पेशी वाढवलेल्या वीस काचेच्या डिशेस केल्या होत्या. चौदांत तसं झालं. सहांत नाही! रिसेप्टर आत, बाहेरचं हार्मोन धुऊन टाकलेलं, तरी अर्धा तास आतून निरोप चालूच. मी शेरा मारला, ‘पेशी आजारी, वगळल्या.’

कसल्या आजारी? चांगल्या धडधाकट होत्या. लॅबच्या प्रमुख मॅडमना आठवड्यात पेपरसाठी आकृती हवी होती आणि मला कायमची नोकरी.

पेपर गाजला. नोकरी लागली.

९ सप्टेंबर

काही नाही. दिवसभर तिची नजर चुकवली.

१२ सप्टेंबर

मीटिंग. धाकटीने आलेख दाखवला. निरोप आतूनही चालू — अगदी माझ्या त्या सहांसारखा. मॅडम म्हणाल्या, “दादाला जमलं ते तुला का जमू नये?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पेनाचं टोपण काढत-घालत बसलो.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, “तुझ्या वेळी एकदाही असं दिसलं नव्हतं?”

“नाही.”

किती सहज आलं तोंडातून!

१५ सप्टेंबर

धाकटी सोडून चाललीये. शाळेत शिकवणार म्हणे. “मला हे काम मुळात येतच नाही, दादा.”

आता जे लिहितोय त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते — क्षणभर मला हायसं वाटलं. ती गेली की हा प्रयोग परत कोण करणार?

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली.

“त्या मुलीला सांगितलंस?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगतोयस?” आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

१६ सप्टेंबर

मॅडमच्या खोलीत उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्या सहाही डिशेसच्या फाइली त्यांच्या स्क्रीनवर उघडून दिल्या. त्यांनी एकेक पाहिली. चेहरा उतरला.

“पेपर मागे घ्यावा लागेल. तुझ्या नोकरीचं काय होईल, मी काही सांगू शकत नाही.” मग फाइली बंद करत, “तिला हे माझ्याकडून कळायला नको. जा.”

धाकटी तिचं टेबल आवरत होती. तिच्यापाशी जाऊन बोललो. तुझे हात चांगले आहेत, तुझे आलेख खरे आहेत, खोटा मी आहे. वाटलं, ओरडेल. चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं!

ती एवढंच म्हणाली, “बरं.” हातमोजे काढले आणि निघून गेली.

धक्का बसला असणार.

१७ सप्टेंबर

सकाळी तिचा मेसेज.

‘त्या सहा फाइली मला लॅबच्या कॉम्प्युटरवर मे महिन्यातच सापडल्या होत्या, दादा. मॅडमना कधीही दाखवता आल्या असत्या. तू स्वतःहून सांगशील म्हणून थांबले होते.’