तीन मिलिमीटरची नम्रता

प्रिय आत्या,

आधी दुरुस्ती, मग नमस्कार. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या सेवा क्लबचे अध्यक्ष कुणाशीही बोलताना मान खाली घालतात, कारण एवढे मोठे फरशीचे व्यापारी असूनही ते मनाने नम्र आहेत. हे चूक आहे. त्यांची मान माझ्यामुळे खाली जाते. त्या पत्रातलं बाकी सगळं (दुकानाचा नवा पडदा, शेजारच्या शिंप्याचा खोकला, माझं वजन) बरोबर आहे. वजन तेवढं दोन किलोने कमी लिहिलं होतं. आता नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दादा तुला जिना चढू देत नसेल अशी आशा आहे, आणि तू त्याचं ऐकत नसशील अशी खात्री आहे. मी बरी आहे. म्हणजे झोप, भूक आणि मन सोडून बाकी बरी आहे.

हे कसं झालं ते मुळापासून सांगते. क्लबात एका धंद्याचा एकच सभासद घेतात हे तुला ठाऊकच आहे. एक दंतवैद्य, एक वकील, एक छापखानेवाले. चष्म्याची खुर्ची कित्येक वर्षं रिकामीच होती, कारण तू दोनदा नाही म्हणालीस. (दर गुरुवारी भाषण ऐकण्यापेक्षा मला मोतीबिंदू परवडेल, असं तू त्यांना तोंडावर सांगितलंस म्हणे. ती गोष्ट अजून सांगतात.) मी मात्र पहिल्याच फटक्यात हो म्हणाले. आपल्याला कुणीतरी बोलावलं या आनंदात माणूस विहिरीतसुद्धा उडी मारतो. अर्जावर शिक्षणाचा रकाना होता. मी प्रामाणिकपणे लिहिलं की पहिली सहा वर्षं घरीच, आत्याकडे, दुकानातल्या नजर तपासायच्या तक्त्यावर. अक्षरं मी मोठ्याकडून बारक्याकडे शिकले, त्यामुळे कुठलंही वाचन खाली खाली अवघडच होत जाणार असं मला अजून वाटतं, हेही लिहिलं. सचिवांनी, म्हणजे छापखानेवाल्यांनी, ते सगळं खोडलं आणि म्हणाले, "ताई, एवढं खरं लिहायची गरज नसते."

माझं नाव सुचवलं होतं अध्यक्षांनी. हे अध्यक्ष म्हणजेच तुझा तो खांब. हो, तोच, जो दुकानात यायचा तेव्हा तू म्हणायचीस, "खांब आला, छत सांभाळा." ताठ मान, हनुवटी वर, समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत बोलणं. क्लबात दोनदा अध्यक्षपदाला उभे राहिले आणि दोनदा पडले, कारण त्यांच्यापुढे बोलताना प्रत्येकाला आपण उधारी मागायला आलो आहोत असं वाटायचं. पाच महिन्यांपूर्वी ते माझ्याकडे चष्म्याला आले. लांबचं वर आणि जवळचं खाली, असा बायफोकल. तू शिकवलंस तसं गिऱ्हाईकाला सरळ बसवायचं, समोर आपण बसायचं, डोळ्याला डोळा आणायचा आणि मग काचेवर खूण करायची. मी समोर बसले. ते मात्र मान खाली घालून फोनमध्ये कुणाला तरी झापण्याचा मजकूर लिहीत होते. तिथे नुसतं "मान वर करा" म्हणायचं होतं. आत्या, माझी छाती झाली नाही. मी तशीच खूण केली.

परिणाम असा की जवळचं बघायची चकती तीन मिलिमीटर वर चढली. आता त्यांनी मान ताठ ठेवली तर समोरचा माणूस धुक्यात जातो, आणि मान झुकवली की स्पष्ट दिसतो. चष्मा तसा चुकलेला नाहीच. झुकलेल्या माणसाला तो अगदी बरोबर बसतो. पण गावभर बोलबाला झाला की खांब बदलला. हमालाशीसुद्धा मान लववून बोलतो. दोन महिन्यांत ते बिनविरोध अध्यक्ष झाले. आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर माझं नाव सुचवलं. म्हणाले, "या मुलीच्या हाताला गुण आहे, हिच्या चष्म्यानंतर मला माणसं दिसायला लागली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तेव्हा मला माहीत नव्हतं.

कळलं ते एकोणीस दिवसांपूर्वी, कार्यक्रमाचे फोटो बघताना. सगळ्या फोटोंत ते वाकलेले. नुसते हात मिळवतानाच नव्हे, झाडाकडे बघतानासुद्धा. झाडापुढे कोण नम्र होतं? मी फोटोवर मोजपट्टी ठेवली, चकती तीन मिलिमीटर वर होती. तू सांगितलेलं आठवलं, की चूक दिसली की त्याच दिवशी सांगायची, दुसऱ्या दिवशी तिची लबाडी होते. त्या हिशेबाने माझी आज अठरा दिवसांची लबाडी आहे. दर गुरुवारी आम्ही उभं राहून म्हणतो की आपापलं काम आम्ही खरं ठेवू. 'काम' या शब्दाला मला खोकला येतो. दंतवैद्यांनी मला दोनदा खडीसाखर दिली. (दंतवैद्याने खडीसाखर देणं हीही एक चूकच म्हणायची, पण ती त्यांची.)

सांगायचा प्रयत्न मी केला. फरशीच्या दुकानात गेले, आडून विचारलं, मान दुखते का? ते म्हणाले, "दुखते. पण सेवा म्हटलं की कुठेतरी दुखायचंच." आणि मान खाली घालून माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं, की मी स्वयंपाकघरासाठी दोन फरश्या बघून परत आले. मग मला अक्कल सुचली (ती मला नेहमी चुकीच्या वेळी सुचते). फोटोवरून अंदाजाने मी तसाच दुसरा चष्मा केला, चकती खाली घेतलेला. गेल्या रविवारी क्लबाने सरकारी दवाखान्यातले बाक रंगवले. रंग उडेल म्हणून सगळ्यांनी चष्मे काढून माझ्याकडे दिले, कारण चष्मे म्हणजे माझंच खातं. परत देताना मी नवा दिला.

आत्या, मान वर आली. माझ्या डोळ्यांदेखत, दोरी ओढल्यासारखी. त्यांनी अंगणभर नजर टाकली आणि त्यांना सगळं दिसलं. ओघळ दिसले, तिरका बाक दिसला, बसून चहा पिणारे वकील दिसले. "हा रंग दिलाय की पुसलाय?" असा आवाज झाला की छापखानेवाल्यांच्या हातातला ब्रश बाकावरच चिकटला. दंतवैद्यांसारखा माणूस, जो दुसऱ्यांना तोंड उघडायला लावतो, तो तोंड मिटून उभा. दहा मिनिटांत पाच महिने पुसले गेले. मी घाबरून पुढे झाले, काच पुसते म्हणाले आणि जुना चष्मा परत चढवला. मान खाली. अध्यक्ष हसले, वकिलांना म्हणाले, चहा गार होईल, प्या. म्हणजे पहिली चूक माझ्या भित्रेपणाने झाली होती, दुसरी मी पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने केली.

काल त्यांना डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला. मान आता वाकत नाही, म्हणजे समोरचं दिसत नाही. क्लबाच्या जिन्यावर शेवटची पायरी चुकली आणि ते कठड्याला धरून वाचले. धरल्यावर म्हणाले, "वय झालं." मी बाजूलाच होते. वय झालं नाही हे सांगू शकणारी त्या जिन्यावर मी एकटी होते, आणि मी म्हणाले, "सावकाश या."

या गुरुवारी नव्या सभासदाचं ओळखीचं भाषण आहे, माझं. विषय अध्यक्षांनीच दिला आहे, 'नजर आणि नम्रता'. दहा मिनिटं. तुझा गुडघा जप, औषध वेळेवर घे.

तुझी,
अजून खालची ओळ न वाचता येणारी भाची

ता. क. आज अध्यक्षांच्या पत्नी दुकानात आल्या होत्या. म्हणाल्या, पट्टा आठ दिवसांत निघेल, मान पुन्हा वाकेल, पण तो चष्मा फुटला तर? "अगदी तसाच दुसरा करून ठेव. तंतोतंत. वरखाली काही करू नकोस हं." आणि माझ्याकडे असं बघितलं, की त्यांना किती दिवसांपासून माहीत आहे हे विचारायचा मला धीर झाला नाही. जाताना सांगून गेल्या की दंतवैद्यांनाही तसला एक हवा आहे, सासऱ्यांसाठी.

ता. क. दोन. तरीही मी सांगणार. मान झुकवायची की नाही हे त्यांचं त्यांनी बघावं. तीन मिलिमीटर मात्र माझे आहेत. अंदाजाचा चष्मा देता येणार नाही, नव्याने माप घ्यावं लागेल, आणि पट्टा काढून (पट्ट्यातली मान त्यांची स्वतःची नसते) त्यांना सरळ बसवावं लागेल. म्हणून एकच मागणं आहे, त्यासाठीच एवढं लिहिलं. मंगळवारी फोन कर आणि "मान वर करा" हे तू गिऱ्हाईकाला म्हणायचीस तसं मला एकदा म्हणून दाखव. शब्द मला येतात, आवाज येत नाही. बुधवारी, सतरा तारखेला, सकाळी साडेनऊला, दुकानाचा पडदा उघडायच्या आधी, मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसणार आहे.