सूनबाईंनी लिहून दिलेला माणूस

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. भावजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? मी धडधाकट आहे. घरातले मात्र तसं मानत नाहीत, आणि ते का, हेच सांगायला बसलो आहे.

आमच्या सूनबाई समुपदेशनाचा अभ्यासक्रम करताहेत. सरावाला एक माणूस हवा होता. (पोरानं अंग काढून घेतलं, तुझ्या भावजयीला कामं होती, उरलो मी.) त्यांच्या शास्त्राचं म्हणणं असं, की माणूस जग जसं आहे तसं बघतच नाही, मनाशी एक नकाशा बांधतो आणि जग त्यात कोंबतो. मी म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला नकाशे शिकवू नका. तर त्यांनी माझ्याकडून ओळखीच्या बारा माणसांच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या. तीन उचलायच्या, कोणते दोघं सारखे आणि तिसरा कशात वेगळा ते सांगायचं. वीस वेळा उचलल्या आणि वीसही वेळा माझं उत्तर एकच: हे विचारून करतात, हा न विचारता करतो. "बाबा, तुमच्याकडे एवढी एकच फूटपट्टी आहे?" सूनबाई म्हणाल्या. न विचारणाऱ्यांच्या ढिगात सगळ्यात वर तुझी चिठ्ठी होती. आईला तू मला न विचारता तुझ्याकडे नेलंस हे मी दीड वर्ष सगळ्यांना ऐकवतोय, त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की तुमची स्वतःची चिठ्ठी कुठल्या ढिगात ठेवू? मी चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पान हातात ठेवलं. त्यावर एक काल्पनिक गृहस्थ लिहिलेला. हा काहीही करण्याआधी समोरच्याला काय वाटतं ते विचारतो आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहतो. पंधरा दिवस मी तो गृहस्थ व्हायचं. बदलायचं नाही, नुसतं सोंग करायचं. म्हटलं, शेंडी तुटो की पारंबी, करून बघू.

पहिल्याच सकाळी तुझ्या भावजयीला विचारलं, खिडकी उघडू का? तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. (तीस वर्षं मी रोज खिडकी उघडतोय आणि तिला ती बंदच आवडते, हे त्या दिवशी कळलं.) कामावर तर याहून बहार. चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये दोघं अडकलेले. एरवी मी "कशालाही हात लावू नका" असं ओरडतो. या खेपेला दाराच्या फटीला तोंड लावून विचारलं, "आत तुम्हाला कसं वाटतंय?" एका वकीलबाईंनी सविस्तर सांगितलं, ते मोठ्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही. दुसरे एक आजोबा होते. ते म्हणाले, "मला बरं वाटतंय. घरी एवढं कुणी बोलत नाही." एकच पेटी, एकच अंधार, तीच बावीस मिनिटं. दार उघडल्यावर बाई तरातरा गेल्या आणि आजोबा निघता निघेनात. मी त्यांच्याबरोबर पायरीवर बसलो, तेवढ्यात साहेब आले. त्यांना त्यात कामचुकारपणा दिसला. मेमो मिळाला.

पण त्या दिवशी घरी येताना मनात आलं, की आईला नेलंस तेव्हा तुला काय दिसत होतं, ते मी कधी विचारलंच नाही. मला दिसलं ते एवढंच, की धाकट्याच्यानं आई सांभाळवत नाही हे ताईनं चारचौघांत सिद्ध केलं. तेवढ्यावर दीड वर्ष तुझा उंबरा चढलो नाही. आईची फार आठवण येते गं.

असो. गैरसमज नको, मी सुधारलो वगैरे काही नाही. हा सगळा सूनबाईंचा अभ्यास आहे.

तुझा
धाकटा

ता. क. रविवारी आईला भेटायला येऊ का? नको म्हणालीस तरी रागावणार नाही. (रागावलो तर कळवणार नाही.)

आणखी एक ता. क. वर "न विचारता नेलंस" असं लिहिलंय. त्या सकाळी तुझा फोन आला होता. मी लिफ्टच्या खड्ड्यात होतो, हात ग्रीसनं भरलेले. तू म्हणालीस, "आईला माझ्याकडे नेऊ का रे? तुझं काय म्हणणं आहे?" मी म्हणालो, "तुला काय करायचं ते कर," आणि फोन ठेवला. हे आत्ता लिहिता लिहिता आठवलं, असं लिहिणार होतो. पण ताई, मी ते विसरलो कधीच नव्हतो.