सासूबाईंचा हॅश

८ जून, रविवार
कॉम्प्युटर फारच स्लो झालाय. दर्शना ठाण्याहून आली होती. सायबर तपासाचं काम करते. मुलगी माझ्यावर गेलीये. म्हणाली, प्रत्येक फाइलचा हॅश निघतो, म्हणजे फाइलचा अंगठाच. चौसष्ट अक्षरी. जगातल्या सॉफ्टवेअरच्या हॅशची यादी असते. जुळला, की फाइल ओळखीची. मला लगेच समजलं. तेरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे, गेटवर हेच तर चालतं.

९ जून
संकल्प: अनोळखी फाइल घरात ठेवायची नाही. विनिता म्हणाली, काही उडवायच्या आधी दर्शनाला विचारा. बायकोला माझ्या वकुबाची कल्पना नाही.

११ जून, सकाळी ११
दर्शनाने कॉम्प्युटरवर घालून दिलेला प्रोग्रॅम चालवला. हजारो फाइल्स ओळखीच्या. सोसायटीची कागदपत्रं, फोटो मी स्वतः ओळखले. उरल्या आठ. नावं म्हणजे नुसते आकडे. उडवल्या, रिसायकल बिनसकट. पुरावा म्हणून आठही हॅश आधी नाव-साइझसकट वहीत उतरवले. लिहून लिहून पाठ धरली.

१२ जून
अजून स्लोच. यादी जुनी असावी. मोकळ्या जागेत वार्षिक सभेतल्या माझ्या भाषणाचा व्हिडिओ टाकला.

१४ जून, दुपारी
उद्या सासूबाईंचं वर्षश्राद्ध. विनिताने विचारलं, आईचं रेकॉर्डिंग कुठे ठेवलंय? सगळ्यांना ऐकवायचंय. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात विनिताने मोबाइलवर केलेलं, चाळीस मिनिटांचं. लोणच्याची कृती, टिटवाळ्याच्या शेजारणींची उणीदुणी, आणि मध्येच 'जावयाला काही कळत नाही'. मोबाइल बिघडला तेव्हा मीच ते कॉम्प्युटरवर घेतलं होतं. शोधतो म्हटलं. फाइलच्या नावात नुसते आकडे होते, ते आता आठवलं.

संध्याकाळी ६
दर्शनाला फोन. म्हणाली, बाबा, अनोळखी म्हणजे वाईट असं कोणी सांगितलं? आपल्या आजीचा आवाज जगाच्या यादीत कसा असेल? हे तिने आधी सांगायला हवं होतं. तरी मी घाबरलो नाही. वहीत हॅश आहे, त्यावरून फाइल परत बनव म्हटलं.  म्हणाली, अंगठ्यावरून माणूस उभा करता येत नाही, बाबा.

१५ जून
दर्शनाने सकाळपासून खटपट केली. त्या जागेवर आता माझं भाषण बसलंय म्हणाली. अर्धीमुर्धी फाइल सापडली, तीत नुसती खरखर. हॅश वहीतल्याशी जुळला नाही. म्हणजे वही उपयोगी पडली, मी म्हटलं. दर्शनाने कॉम्प्युटर बंद केला.

पाहुणे जेवून गेले. विनिता ओरडली असती तर बरं झालं असतं. विचारलं, वहीत आईचा कुठला? सगळ्यात मोठ्या फाइलचा दाखवला. वाचा म्हणाली. सात, एफ, शून्य, सी... चौसष्टच्या चौसष्ट वाचले. ती मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, तुम्हाला काही कळत नाही असं आई म्हणते, ते यात कुठे आलं?

मी बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून शोधू लागलो.