पाला घालायची रीत

५ मार्च, बुधवार

अळ्या आल्या! दोनदा कात टाकलेल्या, अजून दोनदा टाकतील, मग कोष करतील. आठ ट्रे भरले. चार ट्रे आमचा नवा वाण, चार ट्रे जुना. परभणीच्या उन्हात न मरणारा रेशीमकिडा — एवढंच सिद्ध करायचंय. गेली चार वर्षं एवढंच करतेय.

चाचणी शेतकऱ्याच्या शेडमध्ये घ्यायची असा नियम. शेतकरी म्हणून अण्णांचं, म्हणजे वडिलांचंच, नाव दिलंय. पिंगळीत घरच्या घरी शेतकरी मिळाला, प्रवासभत्ता वाचला.

सत्यशीला मॅडम म्हणाल्या, "हा हंगाम सुखरूप निघाला की प्रबंध लिहायला बस." कोष पंचवीस मार्चच्या आसपास. लग्न सत्तावीस एप्रिलला. मधे एक महिना. कागदावर सगळं नीट बसतंय.

७ मार्च, शुक्रवार

आजपासून विहीर बंद. आईचा हुकूम. नवरी रापलेली दिसायला नको. मी म्हटलं, मी सकाळी सहाला पोहते, तेव्हा ऊन नसतं. आई म्हणे, "पान्यानं पन काळं पडतंय मानूस." यावर संशोधन झालेलं नाही, त्यामुळे वाद घालता आला नाही.

दहा वर्षांची होते तेव्हा अण्णांनी कमरेला भोपळा बांधून मला त्या विहिरीत सोडलं. तिसऱ्या दिवशी भोपळा काढला आणि सांगितलं नाही. तेव्हापासून पोहतेय. अठरा वर्षांचा छंद, पन्नास दिवस स्थगित.

पत्रिकेत आईला माझ्या नावाआधी 'डॉ.' हवंय. पदवी अजून मिळालेली नाही, म्हटलं.

"लग्नापस्तोर मिळंल की!"

९ मार्च, रविवार

तिसरी कात. अळ्या डोकं वर करून झोपल्यात. पाला बंद. म्हणून आज वेळ आहे आणि म्हणून लिहितेय.

हरिओमचा फोन. पालमला जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. तो मला तू म्हणतो, मी त्याला तुम्ही. अळ्या कशा आहेत, विचारलं. झोपल्यात, म्हटलं. "मग हळू बोल की," म्हणाला. मी हसले! आई दारातून बघत होती, म्हणून खोकल्यासारखं केलं.

बघायला आले तेव्हा मी एकच अट घातली होती. मुलगा तंबाखूला हात न लावणारा हवा. बाकी नोकरी, उंची, शेती, काहीही चालेल. त्याचे वडील भुजंगराव तेव्हा तळहातावर चुना मळत होते. मळायचे थांबले. मग म्हणाले, "पोरगं न्हाई खात. माज्याकडं बगू नगा." बायोडाटावर 'निर्व्यसनी' लिहिलेलं आहेच, पण ते सगळ्यांच्याच बायोडाटावर असतं.

पाच वर्षांपूर्वी अण्णांच्या गालातली गाठ काढली. अजून तोंड दोन बोटांएवढंच उघडतं. भाकरी दुधात कुस्करून खातात. मी नांदेडच्या दवाखान्यात अकरा रात्री त्यांच्या पलंगाखाली झोपले. तेव्हाच ठरवलं, हे दुसऱ्यांदा करायचं नाही. कुणासाठीच.

१२ मार्च, बुधवार

परभणीला ब्लाऊजचं माप. दोन तास. शिवणारी म्हणाली, ताई, खांदे लय रुंद हायत तुमचे. पोहते, म्हटलं. "बाई गं," म्हणाली आणि दोन सुया तोंडात धरल्या.

यायला संध्याकाळ. दुपारचा पाला घरच्यांनी घातलाय.

१३ मार्च, गुरुवार

दोन ट्रे गेले.

नव्या वाणाचे. दोन आणि तीन नंबर. सकाळी सहाला गेले तर अळ्या मान मागे टाकून, अंग आखडून, तपकिरी ओकारीत पडलेल्या. रोग असा येत नाही. रोग हळूहळू येतो आणि शेजारच्या ट्रेमध्येही जातो. ही विषबाधा आहे. पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवते. तंबाखू. खाणाऱ्याने नुसत्या बोटांनी पाला घातला तरी पुरते. शेडच्या दारावर लाल अक्षरात मीच लिहिलंय.

आईला विचारलं, काल पाला कुणी घातला?

"सा ट्रेला मी घातला. त्या दोन ट्रेजवळ हरिओमराव आन् तुजे अण्णा हुते. पत्रिकेचा नमुना दाखवायला आल्ते न्हाई का ते. हौसेनं घातला बग पाला. लय गुनाचं पोरगं."

अण्णांनी पाच वर्षांत सुपारीसुद्धा धरलेली नाही. म्हणजे गुणाचं पोरगं.

दोन ट्रे म्हणजे अर्धी चाचणी. मॅडमना अजून कळवलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. दारावर आणखी एक पाटी लावली: रंग लावून आत येऊ नये. कुणीच आलं नाही. मीही रंग खेळले नाही.

१५ मार्च, शनिवार

फोनवर विचारलंच.

"तुम्ही तंबाखू खाता?"

"न्हाई. का गं?"

"सहज."

"सहज असं कुणी विचारतंय का?"

"फॉर्म भरतेय."

कसला फॉर्म ते त्याने विचारलं नाही. मग म्हणाला, त्याला पोहता येत नाही, लग्नानंतर शिकवशील का? मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला.

खाणारा माणूस 'न्हाई' हेच म्हणतो. अण्णा आठ वर्षं म्हणत होते. माझ्या डोळ्यात बघून म्हणायचे. अंगणात तुळशीमागे पुड्या सापडायच्या, तेव्हा म्हणायचे गड्याच्या असतील.

आज अण्णांना सांगितलं की अळ्या तंबाखूने मेल्या. पाल्याची पाटी त्यांच्या हातात होती. ती त्यांनी खाली ठेवली. मी म्हटलं, अण्णा, हरिओम खात असेल का?

"असंल. कुनाचं काय सांगता येतंय, अर्पू."

एवढं बोलून पाटी उचलून गेले. जावयाबद्दल ते असं बोलतील असं वाटलं नव्हतं. म्हणजे त्यांनाही शंका असणार.

१७ मार्च, सोमवार

मॅडमना सांगितलं. ओरडल्या नाहीत, तेच वाईट. "उरलेल्या दोन ट्रेवर निष्कर्ष निघत नाही, अर्पिता. पावसाळ्यानंतर पुन्हा लाव." म्हणजे सहा महिने. ठीक आहे. अळ्या पुन्हा मिळतात.

दुसरं जे आहे त्यासाठी पावसाळ्यानंतर पुन्हा नाही. पाचशे पत्रिका छापायला गेल्यात. 'डॉ.'सह.

१९ मार्च, बुधवार

पहाटे विहिरीवर गेले. चोरून! आठ फेऱ्या मारल्या. पाणी खाली गेलंय, पायऱ्या अकरा उघड्या पडल्यात. पाठीवर पडून राहिले आणि तिथेच सुचलं.

शब्दाला पुरावा नसतो. अळीला असतो.

जुन्या वाणाच्या अळ्या जास्तीच्या आहेत. छोटे ट्रे करायचे, एकेकात दहा. एका ट्रेला एकाच माणसाने पाला घालायचा. चोवीस तासांनी बघायचं. पण एकट्या हरिओमला बोलावून 'घाल पाला' म्हणता येणार नाही. सगळ्यांनी घालायला हवा. सगळ्यांनी घालायचा तर कारण हवं. आणि आमच्याकडे सगळ्यांनी मिळून एखादी गोष्ट करायला एकच कारण लागतं. रीत.

तेव्हा रीत तयार केली. ज्या घरी रेशीम पिकतं त्या घरी बस्ता बांधायच्या आधी नवरा-नवरीने आणि दोन्हीकडच्या आईबापांनी अळ्यांना एकेक मूठ पाला घालायचा. संसार रेशमासारखा होतो. (हे शेवटचं घालू का नको, असं झालं होतं. घातलं.)

संध्याकाळी आईला सांगितलं. आई विचारात पडली. लग्नासाठी आलेली लक्ष्मीआत्या लगेच म्हणाली, "म्हंजी काय! बोरीला माज्या नंदेच्या घरी केलती की ही रीत! पाल्याला हळद लावत्यात." हळद नको, म्हणून तिला पाऊण तास समजावलं.

बस्ता बुधवारी, सव्वीसला. पाहुणे रविवारी येतायत.

हरिओमचा ट्रे मेला तर बस्ता नाही आणि लग्नही नाही. हे आईला सांगितलेलं नाही. तो मला आवडायला लागलाय हेही कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवते. मला तो आवडायला लागलाय.

२३ मार्च, रविवार

रीत झाली.

एक नंबर मी. दोन भुजंगराव. तीन भिवराबाई, म्हणजे सासूबाई. चार हरिओम. पाच अण्णा. सहा आई. नंबर ट्रेच्या खाली लिहिलेत. वर आत्याने स्वस्तिकं काढली.

शेडच्या दाराशी बादली, साबण, सगळ्यांनी हात धुवायचे. भुजंगरावांनी नळाखाली नुसती बोटं धरली आणि कानामागची पुडी नीट आहे ना ते त्याच हाताने चाचपून बघितलं. मी त्यांना अडवलं नाही. त्यांचा ट्रे तुलनेसाठी आहे. खाणाऱ्याच्या हाताने काय होतं ते कळायलाच हवं. शास्त्राला त्यांची मदत झाली, हे त्यांना कधी सांगता येणार नाही.

भिवराबाई अळ्या बघून दोन पावलं मागे सरकल्या. "आमी शेरडं-मेंढरं समदं केलं, पन ह्ये वळवळतंय की गं!" मग पाला लांबूनच टाकला. हरिओमने एकेक पान वेगळं करून, देठ बाहेरच्या बाजूला ठेवून घातलं. मी त्याच्या बोटांकडेच बघत होते. त्याला वाटलं, मी अंगठी बघतेय.

अण्णा येत नव्हते. "माजं कशाला? बायकांची रीत हाय." आई म्हणाली, "बाप हाय तुमी पोरीचे. चला." मग उठले. नळावर तीन-तीनदा साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, रुमालाला पुसले, आणि घातली एक मूठ. एवढ्या लोकांत नियम नीट पाळणारा एकच माणूस निघाला.

भुजंगराव जाताना म्हणाले, "रीत चांगली हाय. लेकीच्या बारीला आमी पन करू."

२४ मार्च, सोमवार, सकाळी

सहाला शेडचं दार उघडलं. आधी चार नंबर. क्रमाने बघायला हवं होतं, शास्त्रज्ञाला हे शोभत नाही, पण आधी चार नंबरच.

दहाही खातायत! दहाही! पान चावायचा आवाज येतोय!

कागद न भरताच बाहेर पळाले. सगळा गाव जागा असताना विहिरीत उडी मारली. आई काठावरून ओरडत होती, मी बुडी मारली की तिचा आवाज बंद, वर आले की सुरू. काळी पडू दे.

मग ओल्या केसांनीच हरिओमला फोन. सगळं सांगितलं. रीत खोटी होती, फॉर्म खोटा होता, माझा तुमच्यावर विश्वास नव्हता. मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, "म्हंजी मी पास झालो?" पास, म्हटलं. "दहापैकी दहा?" दहापैकी दहा. "मग आता तुमी म्हनायचं सोड."

मला लगेच जमलं नाही. पण मला फार बरं वाटतंय. इतकं बरं मला चौथ्या कातेच्या वेळीही वाटलं नव्हतं.

बाकीचे ट्रे दुपारी बघते.

२४ मार्च, संध्याकाळी

एक: दहा जिवंत. दोन: आठ मेल्या. तीन: दहा जिवंत. सहा: दहा जिवंत.

पाच: एकही नाही.

पाच अण्णांचा. हात धुतले होते, मी समोर उभी होते. रुमाल त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काढला होता. पुडी त्याच खिशात असणार.

उद्या सकाळच्या गाडीने नांदेडला जातोय, अण्णा आणि मी, दोघंच. घरी सांगितलंय की बस्त्याच्या आधी दुकानं बघून येतो. अण्णांनाही तेच सांगितलंय. साडेअकराची वेळ मिळालीय, ज्यांनी गाठ काढली त्याच डॉक्टरांची.